रिझाल यांची अर्पणपत्रिका

फिलिपिन्सच्या राष्ट्रीय साहित्यात होसे रिझाल यांचे स्थान अग्रभागी आहे. १८८७ साली बर्लिनमध्ये छापलेल्या त्यांच्या कादंबरीचे ‘नोली मे तांगेरे’ हे नाव योहानकृत शुभवर्तमानातले. पुनरुत्थित प्रभूचे मरिया माग्दालेनेला उद्देशून काढलेले उद्गार. आत मात्र स्पॅनिश मठवासी धर्मगुरूंच्या जुलमाचे चित्रण! १९५६ मध्ये ती विद्यार्थ्यांना सक्तीची करण्यास तेथील महागुरुस्वामींनी विरोध केला. आम्ही ती इंग्रजी भाषांतरातून वाचली. झोंबली, हे खरे. तरीही रिझाल यांना धर्मद्वेष्टे म्हणणे आम्हांस पटत नाही. १८९१ ची ‘एल फिलिबुस्तेरिस्मो’ त्यांनी अर्पण केली ती फादर गोमेझ, फादर बुर्गोस आणि फादर झामोरा यांना. बंडाचा आरोप ठेवून १८७२ साली स्पॅनिश सरकारने या तिघांना देहान्त शिक्षा दिली. धर्मग्रामांचा कारभार एतद्देशीय धर्मगुरूंकडे असावा, हे बुर्गोस यांचे मागणे होते.