शून्यावरून सात

"आमच्या घरात २०११ लाही आम्ही सातच होतो," ती म्हणाली. "फक्त तेव्हा आईनं त्या रकान्यात खूण केली नव्हती."

आमचा लेख छापून आला, त्याला तेव्हा दहा दिवस झाले होते.

मी लेस्टरमध्ये डेटा अ‍ॅनालिस्ट आहे. जिप्सी आणि ट्रॅव्हलर समाजातल्या सहा तरुण वार्ताहरांना आकडे हाताळायला शिकवायचं काम मी शनिवारी-शनिवारी घेतलं होतं. रोमानी (जिप्सी) माणसं ब्रिटनमध्ये पाचशे वर्षांपासून आहेत, तरी त्यांच्याबद्दल लिहिणारे बहुतेक बाहेरचेच. आपल्या माणसांची बातमी आपण लिहावी आणि ती आकड्यांनी भक्कम असावी, हे मला मनापासून पटलं होतं. पहिल्याच दिवशी त्यांच्यातल्या एका एकोणीस वर्षांच्या मुलीनं आजीकडून शिकलेले आकडे म्हणून दाखवले: येक, दुई, त्रिन, स्तोर, पांश. माझ्या अंगावर काटा आला. ही आपलीच माणसं, असं वाटलं. त्या जवळिकीमुळेच मी गाफील राहिले. यांचं मला कळतं, असं मी धरून चालले.

इंग्लंड आणि वेल्सच्या जनगणनेत 'जिप्सी किंवा आयरिश ट्रॅव्हलर' हा रकाना २०११ मध्ये पहिल्यांदा आला. तेव्हाचा आकडा ५७,६८०. २०२१ चा ७१,४४०. मी दोन्ही आकडे एक्सेलमध्ये मांडायला लावले, फरक काढायला लावला, टक्के काढायला लावले. सुमारे २४ टक्के वाढ. "हीच बातमी," मी म्हणाले. ती मुलगी मध्येच काहीतरी सांगू पाहत होती. मी तिला म्हणाले, "आधी सूत्र पूर्ण कर." माझं हे वाक्य मला अजून टोचतं.

लेख तिच्या नावानं एका स्थानिक साप्ताहिकात आला. त्याच भागात कॅरव्हॅन उभ्या करायला नवी जागा द्यावी, असा अर्ज कौन्सिलपुढे होता. विरोध करणाऱ्यांनी आमचे २४ टक्के उचलले: बघा, किती वाढताहेत. कॅरव्हॅन-साइटवरच्या बायका तिच्याशी बोलेनाशा झाल्या. आणि मी? आकडे बरोबर आहेत, बेरीज चुकलेली नाही, एवढंच घोकत बसले.

मग तिचं 'तेव्हाही आम्ही सातच होतो' हे वाक्य ऐकलं आणि माझी बोलती बंद झाली. माणसं जन्मली म्हणून तो आकडा किती वाढला आणि आपण कोण हे सांगायला ती धजावली म्हणून किती, हे त्या दोन आकड्यांवरून कळतच नाही. तिच्या घरापुरती वाढ म्हणजे शून्यावरून सात.

हे मला ठाऊक असायला हवं होतं. मी सोलापूरची. गुन्हेगार जमाती कायद्याखाली पारध्यांसारख्या जमातींना जिथं तारेच्या कुंपणात ठेवलं, ती सेटलमेंट आमच्याच गावात. नोंद म्हणजे हजेरी, हजेरी म्हणजे पोलीस. ३१ ऑगस्ट १९५२ ला त्या जमाती विमुक्त झाल्या, पण सरकारी कागदावर नाव घालायची भीती लगेच गेली नाही. हे मी लहानपणापासून ऐकत आले आणि इथं वर्गात उभी राहिले तेव्हा विसरले. जानेवारी आणि जुलैत इंग्लंडमधल्या कौन्सिली करतात ती कॅरव्हॅनची मोजणीही मी लोकसंख्येसारखी वापरत होते. त्यात मोजतात गाड्या. विटांच्या घरात राहायला गेलेली तिची आजी त्यात कुठंच नव्हती.

आम्ही दुरुस्ती पाठवली. ती आतल्या पानावर चार ओळींत आली.

मग वर्ग पुन्हा घेतला, तो लॅपटॉप बंद ठेवून. टेबलावर कोरा फॉर्म, आणि बोलायचं त्यांनी. ती मुलगी साइटवरच्या नऊ कुटुंबांकडे स्वतः गेली. दोन कुटुंबांनी काही सांगितलं नाही. मी असते तर त्या दोन ओळी 'माहिती नाही' म्हणून गाळल्या असत्या. तिनं त्यांच्यासाठी वेगळा रकाना आखला: 'सांगायचं नाही'.

तिच्या आईनं आपली ओळ आपल्या हातानं भरली. २०११, शून्य. २०२१, सात. पेन परत देताना तिनं विचारलं, "हा कागद कुणाकडे राहणार?"

मुलीनं माझ्याकडे पाहिलं, कागदाची घडी केली आणि आईच्या हातात दिली.