पाच घरांच्या लेमनला

प्रिय लेमन,

स. न. वि. वि.

इंग्रजी शब्दकोड्यात ‘पस्तावायला लावणारी खरेदी’ किंवा ‘सतत बिघडणारी गाडी’ असं शोधसूत्र दिसलं आणि पुढे पाच रिकामी घरं असली, की मी हल्ली फारसा विचार न करता तुझं नाव भरते. कोडी रचणाऱ्यांचा तू लाडका का, तेही कळतं. व्यंजन, स्वर, व्यंजन, स्वर, व्यंजन. तुला छेदून जाणारा शब्द सहज सापडतो. शिवाय तुझीच अक्षरं हलवली की मेलन होतं. म्हणजे ‘खरबूज खराब निघालं, सौदा फसला’ एवढ्या एका ओळीत गूढ कोडी रचणाऱ्याचं काम होतं: ‘खराब निघालं’ ही अक्षरं ढवळण्याची खूण आणि ‘सौदा फसला’ हा तुझा अर्थ.

तुझा शेजारी एडसेलही तसाच. फोर्डने 1957च्या सप्टेंबरात केवढा गाजावाजा करून ती गाडी आणली आणि 1959च्या नोव्हेंबरात बंद केली. रस्त्यावर खपली नाही, कोड्यांत मात्र अजून चालते. पाच अक्षरं, त्यांत दोनदा ‘ई’. रचणाऱ्याला आणखी काय हवं?

मराठी कोड्यात मात्र तुझी पंचाईत आहे. आमच्याकडे एका घरात काना-मात्रेसकट अख्खं अक्षर बसतं, त्यामुळे तू तीन घरांत आटोपतोस. लिंबू म्हटलं तर दोनच. उलटसुलट करूनही त्यातून काही निघत नाही.

पण खरी अडचण घरांची नाही. तुमच्याकडे फसलेल्या खरेदीचं खापर वस्तूवर फुटतं, आमच्याकडे गिऱ्हाइकावर. फसगत, विकतचं दुखणं, चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. कोंबडीचा यात काय दोष? मूर्ख ठरतो तो मसाला आणणारा. विकणारा तर या शब्दांत कुठे दिसतच नाही. (‘चुना लावला’ म्हणताना दिसतो, पण तेव्हा वस्तू गायब असते.)

त्या विकणाऱ्याला उजेडात आणलं अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी, तुझंच नाव लेखाच्या शीर्षकात घालून. जुन्या गाडीत काय बिघाड आहे ते विकणाऱ्याला माहीत असतं, घेणाऱ्याला नसतं. म्हणून घेणारा सगळ्याच गाड्यांना मधला भाव सांगतो. त्या भावात चांगल्या गाडीचा मालक गाडी काढत नाही, आणि बाजारात उरतात त्या तुझ्या जातीच्या. तीन नियतकालिकांनी साभार परत केलेला हा लेख 1970 मध्ये छापून आला. 2001 मध्ये स्पेन्स आणि स्टिग्लिट्झ यांच्याबरोबर अकरलॉफना नोबेल मिळालं. हे वाचलं तेव्हा मला माझ्या स्कूटरबद्दल पहिल्यांदा जरा हायसं वाटलं.

जुनीच घेतली होती. विकणारे गृहस्थ फार गोड बोलले. “ताई, एकहाती वापरलेली आहे, डोळे झाकून घ्या.” मी झाकले. ढकलत-थांबत कशीबशी घरी आणली. आईने कुंकू लावलं, नारळ फोडला आणि पुढच्या चाकाखाली लिंबू ठेवलं. ते चिरडून गाडी पुढे काढायची, म्हणजे दृष्ट लागत नाही. मी किक मारली. पुन्हा मारली. घाम फुटला, लिंबू फुटेना. शेवटी शेजारच्या काकांनी मागून रेटा दिला तेव्हा कुठे ते चिरडलं.

तुमच्याकडे बिघडक्या गाडीला तुझं नाव, आणि आम्ही गाडी बिघडू नये म्हणून तुझाच बळी देतो. त्या दिवशी आमच्या अंगणात दोन्ही एकदमच घडलं, हे मला पुढे कित्येक वर्षांनी, कोडं सोडवताना कळलं.

स्कूटर तीन महिन्यांत भंगारात गेली. आई त्या गृहस्थांना दोष देत नाही, मलाही देत नाही. विषय निघाला की एवढंच म्हणते, लिंबूच किडकं होतं.

कळावे,
सतरा आडव्याला अडलेली एक