रंग देण्याआधी

नौदलाचे जुने जेट वाचवायचे ठरले की उत्साही मंडळींच्या मनात पहिल्यांदा रंग येतो. वर्गणी जमते, पॉलिश पेपर येतात, चार रविवारी घासूनपुसून विमान चकचकीत होते आणि त्यासमोर फोटो निघतात. या मंडळींबद्दल मला मनापासून आदर आहे, कारण ती नसती तर बरीचशी विमाने केव्हाच भंगारात गेली असती. तरीही माझे म्हणणे असे की, रंग हे या कामातले सर्वांत शेवटचे काम आहे. विमानवाहू जहाजावरचे विमान रोजच्या देखभालीच्या भरवशावर घडवलेले असते. तेव्हा ते वाचवायचे तर ती देखभाल पुन्हा सुरू करायला हवी. एकदाच मोठा कायापालट करून भागत नाही.

सी हॉकचे उदाहरण घेऊ. हॉकर कंपनीचे हे जेट 1953 साली ब्रिटिश नौदलात दाखल झाले आणि पुढे आपल्या 300 क्रमांकाच्या स्क्वाड्रनमधून ‘विक्रांत’ या विमानवाहू जहाजावर आले. बांगलादेश युद्धात 4 डिसेंबर 1971 रोजी कॉक्स बाजारवर हल्ला चढवला तो याच विमानांनी. त्याच्या रचनेतली एक गोष्ट मला फार आवडते. एकच नीन इंजिन, पण त्याचा झोत शेपटीतून न काढता दोन फाटे करून दोन्ही पंखांच्या मुळाशी बाहेर काढला आहे. त्यामुळे मागचे धड मोकळे राहिले आणि तिथे इंधनाची टाकी बसली. जहाजावर जागा कमी, म्हणून पंख वर दुमडता येतात. ही दुमड म्हणजे बिजागऱ्या, पोलादी पिना आणि हायड्रॉलिक नळ्यांची दाटी, तीही अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूला खेटून. दोन वेगळे धातू एकमेकांना टेकले आणि मध्ये खारे पाणी आले की अॅल्युमिनियम खाल्ले जाते. जहाजावर हे ठाऊक असते, म्हणून विमान गोड्या पाण्याने धुतात, सांध्यांना वंगण देतात, फटींवर नजर ठेवतात. सेवेतून निवृत्त झाल्या दिवशी ही सगळी निगा थांबते. मीठ मात्र आतच राहते.

पुढे काय होते ते पंखाखाली वाकून पाहावे. लाटून किंवा दाबून काढलेल्या मिश्रधातूचे कण चपटे, लांबट असतात. गंज त्या कणांच्या मधून आडवा सरकतो. गंजलेल्या पदार्थाला मूळ धातूपेक्षा जास्त जागा लागते, त्यामुळे वरचा थर उचलला जातो आणि धातूचे पापुद्रे सुटू लागतात. बाहेरून दिसतो तो फक्त रंगाखालचा बारीकसा फुगवटा. त्यावर नवा रंग मारणे म्हणजे ओल आलेल्या भिंतीला चुना फासणे. शिवाय विमानाच्या पुष्कळशा पत्र्यांवर संरक्षण म्हणून शुद्ध अॅल्युमिनियमचा अगदी पातळ थर चढवलेला असतो. उत्साहाने पॉलिश पेपर चालवला की तोच आधी निघून जातो. त्याच्यासोबत जुन्या रंगांचे थरही जातात. ते थर एकेक करून सावकाश उघडले, तर खाली दडलेले जुने क्रमांक आणि चिन्हे वाचता येतात. जुन्या प्रायमरमध्ये क्रोमेट असते. त्याची धूळ फुप्फुसांना घातक, म्हणून तो कोरडा घासूच नये.

आणखी एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. धडाच्या आणि पंखांच्या तळाशी पाणी निचरायला बारीक छिद्रे असतात. विमान चाकांवर उभे असताना जी जागा सर्वांत खाली येते, तिथे ती पाडलेली असतात. तेच विमान चौकात खांबावर, नाक वर करून, एका पंखावर कलते बसवले की दिसते झोकदार, पण छिद्रे आता सर्वांत खाली राहत नाहीत. जी राहतात ती रंगाने किंवा पक्ष्यांच्या काडीकचऱ्याने बुजतात. कोकणातल्या एका पावसाळ्याचे पाणी आत साठायला एवढे पुरते. गोव्यात बोगमाळ्याजवळ 1998 पासून नौदलाचे हवाई संग्रहालय आहे. तिथली बरीच विमाने उघड्या आवारात उभी राहिली, समुद्राच्या वाऱ्यात. अशा जागी मला कोणी एकच गोष्ट मागायला सांगितली, तर मी छप्पर मागेन.

यावर पहिला आक्षेप येतो तो असा: जे उडत नाही ते विमानच कसले? हा आक्षेप हलका नाही. जेटचा आवाज आणि वेग अंगावर घेतलेल्या माणसाला मी काय सांगणार? इंग्लंडमध्ये ही हौस जिद्दीने जपली गेली. उडण्याजोगे शेवटचे सी व्हिक्सन जेट लोकवर्गणीवर चालणाऱ्या न्यासाने योव्हिल्टनच्या तळावरून उडवले. पण 27 मे 2017 रोजी हायड्रॉलिक यंत्रणा निकामी झाली आणि चाके न उघडताच विमान धावपट्टीवर उतरवावे लागले. वैमानिकाने कमालीच्या कौशल्याने ते सुखरूप उतरवले, तरी विमानाची मोठी हानी झाली. त्याआधी 2015 साली शोरहॅमच्या प्रदर्शनात जुने हंटर जेट रस्त्यावर कोसळून 11 जण गेले आणि तिथले नियम कडक झाले. एखाद्या प्रकाराची अनेक विमाने शिल्लक असतील, सुटे भाग आणि जाणती माणसे हाताशी असतील, तर जरूर उडवावे. दोन-चारच उरली असतील, तर त्यांतले एकही हवेत पणाला लावू नये, असे माझे ठाम मत आहे.

दुसरा आक्षेप पैशाचा. आपल्याकडे ‘विक्रांत’ 1997 साली निवृत्त झाली, मुंबईत काही वर्षे संग्रहालय म्हणून राहिली आणि 2014 साली तिथल्याच दारूखाना भागात तोडली गेली. एवढे मोठे जहाज जिथे परवडले नाही, तिथे विमानांचे कौतुक कशाला, असे लोक विचारतात. मला यातून उलटेच दिसते. जहाज राखणे खरोखर अवाढव्य खर्चाचे होते. विमानाला लागते ते पत्र्याचे छप्पर, चाकांवरचा भार काढणारे टेकू, वर्षातून दोनदा गोड्या पाण्याची धुलाई आणि नोंदवही. जहाज गेल्यावर त्याच्या डेकवरून उडालेली विमाने हाच त्या काळाचा हाताला लागणारा पुरावा उरला आहे.

नोंदवहीला मी छपराइतकेच मोल देतो. सी हॉकची जागा 1983 पासून सी हॅरिअरने घेतली. म्हणजे ज्यांनी स्वतःच्या हाताने सी हॉकचे पंख दुमडले, त्यांतले सर्वांत तरुणही आज साठी ओलांडून गेले आहेत. कुठली नळी आधी सोडायची, कुठला सांधा नेहमी गळायचा, हे छापील पुस्तकात सगळे नसते. तुमच्या घरात, शेजारात नौदलाच्या हवाई शाखेतून निवृत्त झालेले कोणी तंत्रज्ञ असतील, तर त्यांना या पावसाळ्याआधी बोलते करा, त्यांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करा, फोटोंच्या मागे नावे आणि वर्षे लिहून घ्या आणि त्याची एक प्रत गोव्याच्या संग्रहालयाकडे पाठवा.