डबल ड्युटीचं घर

लोट्याच्या एमआयडीसीत कुणाच्या डोक्यावर घराचं कर्ज आहे, हे विचारावं लागत नाही. दुसऱ्या पाळीचा माणूस आला नाही की सुपरवायझर ज्याच्याकडे आधी बघतो, तो कर्जवाला. ‘थांबतोस ना?’ असं त्याला नुसतं म्हणायला म्हणायचं असतं. सोळा तास प्लँटमध्ये काढून, अंगाला सॉल्व्हंटचा वास घेऊन तो घरी येतो, आंघोळ करतो, जेवता जेवता पेंगतो. कायद्याने ओव्हरटाइमला दुप्पट दर आहे. कंत्राटी कामगाराला तो मिळतोच असं नाही. आणि कंत्राटी कामगाराला बँक घरासाठी सहसा दारातही उभं करत नाही, तेव्हा बिचारा या गोष्टीतून दोन्ही बाजूंनी बाहेर.

आमच्याकडे ह्यांनी डबल मारायची आणि मी वही लिहायची, अशी वाटणी पहिल्यापासून होती. वही म्हणजे शाळेचीच, दोनशे पानी. डाव्या पानावर घरखर्च, उजव्या पानावर कर्ज. डावं पान रोज भरायचं. उजव्या पानावर महिन्याला एकच ओळ, पण ती लिहिताना मी पेन जरा घट्ट धरत असे.

त्या ओळीत काय असतं ते एकदा नीट बघण्यासारखं आहे. समजा २५ लाखांचं कर्ज, २० वर्षांची मुदत, साडेआठ टक्के व्याज. हप्ता बसतो २१,६९६ रुपये. पहिल्या महिन्यात यातले १७,७०८ रुपये व्याजात जातात आणि मुद्दलातून उतरतात ३,९८८. दिवसाला १३३ रुपयांचं घर आपलं होतं. तेवढ्यात सुरमईचा एक बरा तुकडाही येत नाही. वर्षभर इमानेइतबारे हप्ते भरून २५ लाखांतले जेमतेम पन्नास हजार कमी झालेले दिसतात, आणि तो कागद हातात घेऊन नवरा-बायको एकमेकांकडे बघतात. बँकेने फसवलेलं नसतं. व्याज शिल्लक मुद्दलावर असतं, मुद्दल सुरुवातीला डोंगराएवढं असतं, म्हणून व्याजही तेवढंच. सरळ हिशेब आहे. पण सह्या करताना त्या खोलीत पंखा फिरत असतो, कागदांची चळत संपत नसते, आणि ‘इथे, इथे आणि इथे’ म्हणणारा माणूस घाईत असतो.

वीस वर्षं पुरी केली तर २५ लाखांचे ५२ लाख होतात. मुद्दलापेक्षा व्याज जास्त. आपल्याकडे जुन्या धर्मशास्त्रात दामदुपटीचा नियम होता: एका वेळी थकलेलं व्याज मुद्दलाच्या वर जाऊ द्यायचं नाही. इंग्रजांच्या काळात मुंबई इलाख्यातली कोर्टंही हिंदू ऋणकोसाठी तो मानत. आजच्या हप्त्याला मात्र तो लागू होण्याचा प्रश्नच येत नाही, कारण दामदुपट थकलेल्या व्याजाला, आणि आमचं व्याज थकतच नाही. ते पाच तारखेला खात्यातून आपोआप उचललं जातं. सावकाराला दारात यायची गरज उरली नाही, ही या व्यवस्थेची खरी करामत.

सावकारावरून आमच्या इथलं एक देऊळ आठवलं. लोटे सोडून चिपळूणकडे निघालं की परशुराम घाट लागतो आणि घाटमाथ्यावर परशुरामाचं देऊळ. आमच्या एमआयडीसीच्या नावातही तो आहे: लोटे-परशुराम. गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. परशुरामाने सगळी पृथ्वी दान केली, मग स्वतःला राहायला जागा नाही, म्हणून बाण मारून समुद्र मागे हटवला आणि कोकण काढलं. कोकणातला पहिला घर शोधणारा माणूस तो. ना आगाऊ रक्कम, ना हिस्सेदार, ना सर्च रिपोर्ट. त्याच्यानंतर एवढा निर्वेध सातबारा इथे कुणाला मिळाला असेल असं मला वाटत नाही.

पण त्या देवळाचा दुसरा माणूस मला जास्त जवळचा वाटतो. ब्रह्मेंद्रस्वामी. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांचा मुक्काम इथे होता. १७२७ मध्ये अंजनवेलच्या सिद्दी सातने देवळावर घाला घातला, तेव्हा स्वामी रुसून घाट चढून साताऱ्याजवळ धावडशीला गेले. हे स्वामी पेशव्यांचे गुरू, आणि सावकारही. मोठमोठे सरदार त्यांच्याकडून रकमा उचलत आणि स्वामी त्या विसरत नसत. पहिल्या बाजीरावाने त्यांना लिहिलेलं एक पत्र प्रसिद्ध आहे. त्यात तो म्हणतो की आपण कर्जाच्या नरकात पडलो आहोत, सावकारांच्या आणि शिलेदारांच्या पाया पडून पडून कपाळाची कातडी झिजली आहे. माळव्यापासून दिल्लीपर्यंत ज्याचा दरारा, त्याच्या कपाळाची ही अवस्था! मी शाळेत बाजीराव शिकले तो घोड्यावर बसून कणसं खाणारा. हे पत्र कुणी शिकवलं असतं तर तेव्हाच आपुलकी वाटली असती.

आता घराचं. आमचं गावात घर आहे. चिऱ्याचं, कौलारू, पुढे खळं, मागे दोन फणस. त्यावर एका पैचं कर्ज नाही, कारण त्यावर कुणी कर्ज देणारच नाही. सातबारा सामाईक; नावं वाचायला लागलं तर चहा गार होतो. त्यातले निम्मे मुंबईत, काही वारलेले, वारलेल्यांचे वारस अजून चढायचे. घरपट्टी अजून आजेसासऱ्यांच्या नावाने येते. कोकणात ज्याला आपण ‘आपलं घर’ म्हणतो ते बँकेच्या लेखी कुणाचंच नसतं. आणि ज्या घराची मूळ कागदपत्रं बँकेच्या तिजोरीत पडलेली होती, ते भरणे नाक्याजवळचं दुसऱ्या मजल्यावरचं दोन खोल्यांचं, तेवढंच कागदावर आमच्या दोघांच्या नावाने आहे. कर्जमुक्त घर बाराजणांचं आणि स्वतःचं घर कर्जाचं, हा पेच आमच्याकडे घरोघरी आहे. कर्ज लवकर फेडायची आमची घाई त्यातून आलेली, निव्वळ व्याज वाचवण्यातून नव्हे.

घाईला दुसरंही कारण होतं: सासूबाई. सासरे गिरणीत होते. मनीऑर्डर यायची, पोस्टमन खळ्यात बसून पाणी प्यायचा. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि पोस्टमन नुसताच पुढे जायला लागला. सासूबाईंच्या पाटल्या त्या वर्षी गहाण पडल्या त्या परत हाताला लागल्या नाहीत. कर्जाचा विषय निघाला की त्या मनगट चोळतात, त्यांना स्वतःला ते कळत नाही. ‘पैशे असतील त्या दिशी देऊन टाकायचे,’ एवढंच त्यांचं अर्थशास्त्र.

पुण्याचा पुतण्या हसतो. तो आयटीत. त्याचं म्हणणं असं: काकू, कर्ज साडेआठने आहे, म्युच्युअल फंड लांबच्या पल्ल्यात बाराने देतो, मग जास्तीचे पैसे कर्जात भरणं म्हणजे नुकसान. शिवाय व्याजावर आयकरात सूट. सुटीचं आधी सांगते. जुन्या कररचनेत स्वतः राहत्या घराच्या व्याजावर दोन लाखांपर्यंत वजावट आहे, नवीन रचनेत ती नाही. आणि नवीन रचनेत २०२५ पासून १२ लाखांपर्यंतच्या पगाराला करच नाही. लोट्यातल्या बहुतेक पाकिटांना हा मुद्दा आता लागू नाही.

बाराचा मुद्दा मात्र खोडून काढता येत नाही. आकडेमोड बरोबर आहे. फक्त ती पुण्याची आहे. त्याची नोकरी गेली तर तो लॅपटॉप उचलून रस्त्यापलीकडच्या इमारतीत जातो. ह्यांचं कसब एका प्लँटमधल्या चार रिॲक्टरांचं. इथे प्रदूषण नियंत्रण मंडळाची क्लोजर नोटीस लागते, एखाद्या उत्पादनाची मागणी आटते, आणि काही वेळा त्याहून वाईट घडतं. २० मार्च २०२१ ला लोट्यातल्या एका कारखान्यात स्फोट झाला, माणसं गेली. त्या दिवशी पाळीवर असलेल्या प्रत्येकाच्या घरी फोन लागेपर्यंत काय होत होतं ते मी सांगत नाही. मुद्दा एवढाच की इथली नोकरी गेली तर पुढची महाडला, नाहीतर थेट वापी-दहेजला, आणि भरणे नाक्याचा ब्लॉक काही सोबत नेता येत नाही. ज्याचा पगार एका चिमणीवर टांगलेला आहे त्याने बारा टक्क्यांच्या मागे लागण्याआधी साडेआठ संपवावेत, असं माझं मत. पुतण्याला ते भित्रेपणाचं वाटतं. असेल.

पण सासूबाईंचंही सगळं ऐकलं नाही. हातात आले की सगळे कर्जात, हे मी होऊ दिलं नाही. आधी सहा महिन्यांच्या हप्त्यांएवढी मुदतठेव, मग बाकीचं. कर्जात भरलेले पैसे बँक परत देत नाही. ओव्हरड्राफ्ट पद्धतीचं कर्ज असेल तर गोष्ट वेगळी. २०२० मध्ये टाळेबंदीत रिझर्व्ह बँकेने हप्ते पुढे ढकलायची मुभा दिली, मार्च ते ऑगस्ट. शेजारच्या बायकांना वाटलं हप्ते माफ झाले. व्याज मात्र चालूच होतं आणि मुद्दलाला चिकटत होतं. ज्यांच्याकडे ठेव होती त्यांनी मुकाट हप्ते भरले.

पुढच्या वर्षी २२ जुलैला चिपळूण बुडालं. तळमजल्यावर घर घेतलेल्या ओळखीतल्या एका कुटुंबाचा फ्रिज पंख्याला टेकला होता. चिखल उपसून होतोय तोवर पाच तारीख आली. आम्ही दुसरा मजला घेतला त्यात आमची अक्कल काही नव्हती, तळमजला आधीच विकला गेला होता.

आणि मग २०२२. मे महिन्यात चार टक्के असलेला रेपो दर पुढच्या फेब्रुवारीपर्यंत साडेसहावर गेला. हप्ता तेवढाच कापला जात होता म्हणून कुणी लक्ष दिलं नाही. बँकांनी हप्ता न वाढवता मुदत वाढवली होती. त्याआधी पावणेसात टक्क्यांच्या आसपास ज्यांनी वीस वर्षांचं कर्ज घेतलं, त्यांचा जवळजवळ सगळा हप्ता व्याजात जायला लागला, मुद्दल जागचं हलेना. ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने सांगितलं की दर बदलताना ग्राहकाला विचारा: हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की थोडी रक्कम आधी भरायची. २०२५ मध्ये दर सव्वा टक्क्याने उतरले. तेव्हा काहींनी हप्ता कमी करून घेतला आणि त्या पैशांत मोबाइल आणला. डाव्या पानाची ही जुनी खोड, उजव्या पानावरचे पैसे ओढायची.

डाव्या पानाशी माझं भांडण कायमचं. गणपतीला दीड दिवसाचे पाच दिवस कधी होतात कळत नाही. मुंबईची सगळी मंडळी येतात, आणि त्यांना ताजे नारळ, ताजी भाजी, आणि रात्री भजनानंतर चहासोबत काहीतरी लागतं. शिमग्याला पालखी दारात आली की हात आखडता घेता येत नाही. यात काटकसर करणारी बाई गावात राहू शकत नाही, म्हणून मी तिथे केलीच नाही. केली ती दुचाकी बदलण्यात, सोफ्यात, आणि ‘सगळे जातात’ म्हणून काढायच्या सहलींत. बोनस, आंब्याच्या वाट्याचे पैसे, भिशी लागली ती, डबलचे सगळे, हे उजव्या पानाचं. पीएफला हात लावला नाही. घरकर्ज फेडायला त्यातून पैसे काढता येतात, पुष्कळजण काढतात. पण तिथे सव्वाआठ टक्के मिळतात, आणि साठीनंतर डबल मारता येत नाही.

पहिल्यांदा जास्तीची रक्कम भरायला गेलो तेव्हा काउंटरवरच्या मुलीने विचारलं, ‘हप्ता कमी करू की मुदत?’ हे म्हणाले हप्ता. मी म्हटलं मुदत. ती मुलगी हसून माझ्याकडे बघत थांबली. मुदतीचा हिशेब असा: त्याच २५ लाखांच्या कर्जात पहिल्या वर्षाच्या अखेरीस एक लाख जास्त भरले, तर शेवटचे एकवीस हप्ते गळून पडतात. साडेतीन लाखांहून जास्त व्याज वाचतं. तेच लाख अठराव्या वर्षी भरले तर फारसं काही होत नाही, कारण व्याज तोवर देऊन झालेलं असतं. दरवर्षी एक हप्ता जादा भरत गेलं तरी वीस वर्षांचं कर्ज सोळा-सतरात आटोपतं. आणि बदलत्या व्याजदराच्या घरकर्जावर लवकर फेडण्याचा दंड २०१२ च्या जूनपासून बँकांना लावता येत नाही. त्याआधी लवकर प्रामाणिक होण्याचेही पैसे पडत.

कर्ज संपलं की पेढे वाटून मोकळं होऊ नये, हेही लिहून ठेवते. मूळ करारनामा, इंडेक्स टू, सगळे कागद मोजून घ्यायचे. डिसेंबर २०२३ पासून बँकेने ते तीस दिवसांत द्यायचे असा नियम आहे, उशीर झाला तर दिवसाला पाच हजार भरपाई. सातबाऱ्यावर बोजा चढवलेला असेल तर तो उतरवायला तलाठ्याकडे फेरी आपलीच. आमची फाइल आली तेव्हा ह्यांनी ती उशाशी घेतली आणि दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकली. त्या संध्याकाळी सुपरवायझरचा फोन आला, थांबतोस का म्हणून. हे ‘नाही’ म्हणाले आणि बराच वेळ फोनकडे बघत बसले.

मोकळ्या झालेल्या हप्त्याचं काय करायचं हे सासूबाईंनी आधीच ठरवून ठेवलं होतं. गावच्या घराचं छप्पर. वासे वाळवीने पोखरलेत, कौलं सरकलीत, मागच्या खोलीत पावसाळाभर पातेली मांडावी लागतात. मी वहीत नवं पान काढलं. मग मुंबईच्या चुलत दिराचा फोन आला. तो म्हणाला, वहिनी, कौलं काढून पत्रा टाकूया, स्वस्तात होईल. दुसऱ्याचं म्हणणं, खर्च तुम्ही करताय तर ठीक, पण उद्या त्यावर हक्क सांगू नका, तसं लिहून द्या. तिसऱ्याने वर्गणी किती ते विचारलं आणि आकडा ऐकून गणपतीत बघू म्हणाला. सासूबाईंना पत्रा नको, कौलंच हवीत. या घटकेला वासे कुणी निवडायचे यावर बोलणी अडली आहेत, आणि पाऊस दीड महिन्यावर आहे.