रंग आणि तोल

बॉल पायथन हा पश्चिम आफ्रिकेतला लहानखुरा अजगर. घाबरला की डोके आत घेऊन अंगाचा घट्ट गोळा करतो; चावायला सहसा येत नाही. बेनिनमधल्या उइदा गावात त्याचे मंदिर आहे, तिथे तो देव म्हणून वावरतो. काळसर अंगावर तपकिरी-सोनेरी ठिपके, हे त्याचे मूळचे रूप. मला ते आजही सर्वांत देखणे वाटते. पण गरीब स्वभावामुळे तो घाना, टोगो, बेनिनमधून अमेरिकेत पाळण्यासाठी गेला आणि तिथे त्याच्या रंगांचा ध्यास सुरू झाला.

1992 मध्ये बॉब क्लार्क यांनी अल्बिनो बॉल पायथनची पैदास करून तो पांढरा-पिवळा रंग आनुवंशिक असल्याचे दाखवून दिले. आई-बाप दोघांकडूनही अल्बिनोचे जनुक आले तरच तो रंग उमटतो. अंगावर साधे ठिपके आणि आत अल्बिनोचे एक जनुक, अशा सापाला पैदासकार ‘हेट’ म्हणतात. दोन हेटांची जोडी लावली तर सरासरी चार पिलांत एक अल्बिनो. मेंडेलने वाटाण्यावर मांडलेलाच हा हिशेब. पण मादी घालते जेमतेम पाच-सहा अंडी, आणि ती उबायला जवळपास दोन महिने लागतात. मग पिलू इवल्याशा दाताने चामड्यासारखे कवच चिरते, नाक तेवढे बाहेर काढते आणि उरलासुरला बलक अंगात जिरेपर्यंत तसेच बसून राहते. त्या चिरेत पिवळी झाक दिसली की वाट पाहणाऱ्याला होणारा आनंद खराच असतो. या छंदातून ज्ञानही आले. ईस्टर्न मिशिगन विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी पैदासकारांकडून आलेल्या कातींमधून डीएनए मिळवून या अल्बिनोपणाचे जनुक शोधले. त्यासाठी सापाला सुईसुद्धा टोचावी लागली नाही.

माझे मन अडते ते बॉल पायथनच्या ‘स्पायडर’ या दुसऱ्या रंगप्रकारापाशी. त्याच्या अंगावर काळ्या रेषांचे नाजूक जाळे असते. पण भक्ष्य समोर आले की त्याचे डोके डुगडुगते, मान पिळवटते, झेप चुकते. काहींचे डोके तर पार उलटे होते. 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्कॅनच्या अभ्यासात त्यांच्या कानाच्या आतली, तोल सांभाळणारी रचनाच बिघडलेली आढळली. जाळीची नक्षी हवी तर हा दोषही सोबत येतो. इतक्या वर्षांच्या पैदाशीनंतरही दोन्ही वेगळे झालेले नाहीत.

‘खातो-पितो, पिले देतो, मग त्याचे बिघडले काय?’ असे म्हणणारे आहेत. मला हे पटत नाही. साप ओरडत नाही, कण्हत नाही, म्हणून त्याला त्रास नाही असे आपण कोणत्या आधारावर ठरवायचे? अल्बिनो पिंजऱ्यात नीट जगतो, त्याच्या पैदाशीला माझी हरकत नाही. स्पायडरची पैदास मात्र थांबली पाहिजे. घेणारे थांबले की ती आपोआप थांबेल. रंग पाहून साप निवडणाऱ्याने आधी त्याची मान सरळ राहते का, एवढे तरी पाहावे.