मृत पत्रांची रांग

धनी न सांपडलेल्या पत्रांसाठीं टपालखात्यांत पूर्वीं ‘डेड लेटर ऑफिस’ नांवाची निराळी कचेरी असे. तें नांव आज संगणकाच्या राज्यांतही नांदत आहे, हें पाहून आम्हांस मौज वाटली. मोठ्या संस्थांचे निरनिराळे संगणक पुष्कळदां परस्परांशीं समोरासमोर बोलत नाहींत. एकानें संदेश रांगेंत ठेवावयाचा, दुसऱ्यानें सवडीनें उचलावयाचा. १९९३ सालीं निघालेलें आयबीएमचें ‘एमक्यू’ हेंच काम करितें. जपावयाचा म्हणून सांगितलेला संदेश तें डिस्कवर लिहून ठेवितें; यंत्र बंद पडून पुन्हां सुरू झालें तरी तो शाबूत असतो. मात्र रांगेसही मर्यादा आहे. कोणी न बदलल्यास ती सामान्यतः ५,००० संदेशांची असते. परगांवच्या यंत्राकडून आलेल्या संदेशास रांग भरलेली आढळली किंवा तिचें नांवच चुकलें, तर तो ‘डेड लेटर क्यू’मध्यें पडतो. कोठें जावयाचें होतें आणि कां अडलें, याची चिठ्ठीही त्यास जोडलेली असते.

अशाच दुसऱ्या एका व्यवस्थेंत आमच्या एका विद्यार्थ्याची परीक्षा-फी अकरा दिवस अडकली. बँकेंतून पैसे गेले, जमेस आले नाहींत. मुदत संपत आली. खिडकीवरचे गृहस्थ ‘सिस्टिम’कडे बोट दाखवीत. वास्तविक यंत्रानें कांहींच गमावलें नव्हतें. संदेश चिठ्ठीसह पडून होता. ती वाचणें मात्र कोणाच्याच कामांत बसत नव्हतें. यंत्रापाशीं धीर पुष्कळ आहे. काळजी माणसानेंच वाहावयाची असते. ही रांग रोज सकाळीं उघडून पाहणारा एक माणूस नेमावा, एवढेंच आमचें मागणें आहे.