पी.पी. आणि पीपीपी

मुंबईची नोकरी रत्नागिरीत बसून करता येते, हे १९९९ साली आमच्या आप्पांना पटणं शक्यच नव्हतं. नोकरी म्हणजे सकाळी डबा घेऊन घराबाहेर पडणं! मी ओटीलगतच्या खोलीत संगणक मांडला, तरी आल्यागेल्याला ते ‘रजेवर आलाय’ असंच सांगत.

संगणकावर लिनक्स होतं. १९९१ साली लिनस टोरवाल्ड्स नावाच्या फिनलंडमधल्या विद्यार्थ्यानं ते सुरू केलं आणि जगाला फुकट वाटलं. माझ्यापर्यंत ते ‘पीसीक्वेस्ट’ मासिकाच्या सीडीवरून आलं. फुकट म्हटल्यावर आप्पांचा संशय बळावला. मोडेम मात्र बाहेर ठेवायचा, लाल दिव्यांचा, चांगले पैसे मोजून घ्यावा लागला. संगणकाच्या पोटात बसणारे बरेचसे स्वस्त मोडेम आपलं काम विंडोजच्या गळ्यात घालत. लिनक्सच्या घरी त्यांचा हात हलत नसे.

कचेरीच्या जाळ्यात शिरायच्या पद्धतीचं नाव पीपीपी. त्याआधी संगणकाला संवाद पढवायचा : समोरून ‘लॉगिन’ म्हणाले की नाव सांग, ‘पासवर्ड’ म्हणाले की परवलीचा शब्द सांग, एंगेज असेल तर गुपचूप फोन ठेव. मुलगी बघायला निघालेल्या भाच्याला मामा वाटेत पढवतो ना, तसं! मग शिट्ट्या, घरघर, खरखर. आणि जुळलं की रत्नागिरीतला माझा संगणक कचेरीतल्या चारचौघांतला एक होई. पावसात तारा भिजल्या की एक मेगाबाइट जायला पाव तास लागे, तोही एसटीडीच्या दरानं. म्हणून सारा उद्योग रात्री, दर उतरल्यावर.

पण पीपीपीच्या कितीतरी आधीपासून आमचा फोन साऱ्या वाडीचा पी.पी. नंबर होता. मोडेम बोलू लागला की वाडीला एंगेज टोन!

एका रात्री शेजारच्या काकू ओटीवर येऊन बसल्या. मुलगा बोटीवर; दोन महिन्यांनी बंदराला लागणार होता आणि अकरानंतर फोन करणार होता. मला उजाडायच्या आत फाईल पाठवायची होती. निम्मी गेली होती. काकू एक शब्द बोलल्या नाहीत. नुसत्या मोडेमच्या दिव्यांकडे बघत राहिल्या. मी तार उपसली.

पडद्यावर पाटी आली : ‘नो कॅरिअर’. समोरचा सूर ऐकू येईनासा झाला, एवढाच त्याचा अर्थ. आप्पांनी चष्मा लावून ती वाचली आणि म्हणाले, “मुंबई सोडलीस तेव्हा मी हेच सांगत होतो!”

पाचच मिनिटांत फोन वाजला. काकू चार मिनिटं बोलल्या. त्यात ‘जेवलास का?’ तीनदा. माझी फाईल पहाटे दोनला पोचली.

आता काकूंचा नातू बोटीवर आहे. बंदराला लागला की फोनवर त्यांना जेवणाचं ताटच दाखवतो. काकूंकडे स्वतःचा मोबाइल आहे, पण बोलायला त्या आमच्याच ओटीवर येतात. आमच्याकडे वायफाय आहे ना! पासवर्ड साऱ्या वाडीला पाठ आहे.